विहिरीतले नायट्रेट आणि येऊ घातलेला बडगा



जिल्हा बैठकीच्या अंकात अग्रलेख म्हटला की तो कापसाच्या भावाचा, नाहीतर कर्जाचा, अशी आपल्याकडे रीतच पडली आहे. भावाचा प्रश्न मिटलेला नाही आणि तो या बैठकीतही होणारच आहे. पण या वेळी आम्ही पाण्यावर लिहीत आहोत. पाऊस किती पडला, धरणात किती साठले, हा आजचा विषय नाही. विहिरीतल्या पाण्यात काय विरघळले आहे, हा विषय आहे. यावर आपण बोललो नाही तर दुसरे कोणीतरी बोलेल, कायदा करेल, आणि आपल्याला कळेल तेव्हा दंडाची पावती हातात असेल.

केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा भूजल गुणवत्ता अहवाल निघाला. देशभरातल्या १५,२५९ ठिकाणच्या पाण्याचे नमुने २०२३ च्या मे महिन्यात घेतले होते. त्यातल्या १९.८ टक्के नमुन्यांत नायट्रेटचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेबाहेर निघाले. महाराष्ट्रात हा आकडा ३५.७४ टक्के आहे. मर्यादेबाहेर नायट्रेट सापडलेल्या जिल्ह्यांची संख्या देशात २०१७ मध्ये ३५९ होती, ती २०२३ मध्ये ४४० झाली. अहवालात सर्वांत वाईट अवस्थेतले १५ जिल्हे नावानिशी दिले आहेत. त्यातले सात आपल्या राज्यातले : वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ.

ही सात नावे पुन्हा एकदा वाचा. ऊसवाल्यांचा जिल्हा त्यात नाही. कोल्हापूर नाही, सांगली नाही. पऱ्हाटीचे, ज्वारीचे, सोयाबीनचे, आभाळाकडे डोळे लावून बसणारे जिल्हे त्यात आहेत. एकरी खत सर्वांत जास्त टाकणारे सुटले आणि हात आखडून टाकणारे यादीत आले, हे कोडे आधी सोडवले पाहिजे. ते सोडवल्याशिवाय कोणी 'शेतकरी खताचा अतिरेक करतो' एवढेच म्हणून मोकळा होत असेल तर त्याने हिशेब अर्धाच केला आहे.

नायट्रेट म्हणजे काय? आपण वावरात युरिया टाकतो. ओल मिळाली की चार-आठ दिवसांत त्याचा अमोनिया होतो आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत मातीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. शेणखतातले, सोनखतातले, गोठ्यातल्या मुतातले नत्रही शेवटी याच रूपात येते. पीक नायट्रेट आवडीने उचलते, म्हणून ते काही विष नव्हे, पिकाचे अन्नच आहे. अडचण अशी की आपली काळी चिकणमाती ऋणभारित आणि नायट्रेटही ऋणभारित. माती अमोनिया धरून ठेवते, स्फुरद तर घट्ट पकडते, नायट्रेटला मात्र ती थारा देत नाही. पाणी जिकडे जाईल तिकडे ते जाते. मुळांनी वेळेवर उचलले तर बोंडात जाते, नाहीतर पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरते.

कोरडवाहूत हा 'नाहीतर' फार मोठा असतो. जूनमध्ये पाऊस पडला, खत दिले, पुढे पंचवीस दिवस उघाड पडली. पीक करपले, वाढ थांबली, खत मातीत तसेच राहिले. मग ऑगस्टमध्ये एका रात्रीत चार इंच कोसळला. त्या रात्री नत्राचे काय झाले ते विहिरीला विचारा. उन्हाळ्यात आपल्या जमिनीला हात जाईल अशा भेगा पडतात. भेगा मिटायच्या आत मोठा पाऊस आला की पाणी मातीतून झिरपत नाही, भेगांतून सरळ खाली जाते आणि मागच्या हंगामात दुष्काळामुळे न वापरलेले नत्र सोबत घेऊन जाते. खाली काय आहे? दख्खनचा काळा पाषाण. गाळाच्या प्रदेशासारखे शेकडो फूट खोल पाणी धरणारी वाळू आपल्याखाली नाही. वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत मावेल तेवढेच पाणी. पाणी थोडे, त्यामुळे पातळ व्हायला वाव थोडा. ज्याच्याकडे पाण्याचा साठाच कमी त्याचे पाणी लवकर बिघडते, हे या यादीमागचे एक खरे कारण आहे. बागायती पट्ट्यात खत जास्त पडते हे खरे, पण तिथे कालव्याचे पाणी मुरते आणि सगळे पातळ करते. (तिथे क्षारपड जमिनीचे वेगळेच दुखणे आहे. त्यांचे त्यांना.)

दुसरे कारण आपल्या उंबऱ्याशी आहे. भूजल मंडळाच्या निरीक्षण विहिरींतल्या बऱ्याचशा गावठाणात किंवा गावाला लागून असतात. विहिरीच्या वरच्या अंगाला उकिरडा, गोठा, उघडी गटारे आणि आता घरोघरी शौचालयांचे शोषखड्डे. शौचालये झाली हे चांगलेच झाले, मायबहिणींचे हाल थांबले. पण खडकाळ गावात विहिरीपासून वीस फुटांवर खड्डा खोदला तर ते सगळे कुठे जाते, हे अनुदानाचा हप्ता देताना कोणी तपासले? तेव्हा विहिरीतल्या नायट्रेटमध्ये युरियाचा वाटा किती, उकिरड्याचा किती आणि शोषखड्ड्याचा किती, हे गावागणिक वेगळे निघेल. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात एक उत्तर येईल, रावेरच्या केळीपट्ट्यात दुसरे आणि घाटंजीच्या मुरमाड वावरात तिसरे. सगळ्यांना एकच काठी चालणार नाही.

आता थोडे गणित करू. आमचे शिक्षण कृषी महाविद्यालयातले, तेव्हा आकड्यांशिवाय आम्हाला करमत नाही. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्क्यांप्रमाणे २०.७ किलो नत्र. त्या सगळ्याचे नायट्रेट झाले तर ते भरते सुमारे ९२ किलो. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा धरली तर एका पोत्यातले नत्र सुमारे २० लाख लिटर स्वच्छ पाणी मर्यादेपर्यंत आणायला पुरेसे आहे. वीस फूट व्यासाच्या विहिरीत वीस फूट पाणी असेल तर ते होते पावणेदोन लाख लिटर. म्हणजे एक पोते आणि अकरा-साडेअकरा विहिरी. अर्थात सगळे पोते कधीच खाली जात नाही. काही पीक घेते, काही अमोनिया होऊन हवेत उडते, काही मातीतच मुरते. आणि विहिरीला पाझरणारे पाणीही विहिरीत दिसते त्याहून पुष्कळ जास्त असते. तरीपण दिलेल्या नत्रातले पिकाच्या हाती साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे लागते, हे कृषीशास्त्राचे जुने माप आहे. उरलेल्याचा छोटा हिस्सा दरवर्षी खाली जात राहिला तर वीस-पंचवीस वर्षांत काय साचेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

हेच गणित उलट बाजूनेही होते. तुमच्या विहिरीत लिटरला १०० मिलिग्रॅम नायट्रेट आहे आणि तुम्ही एक एकर कपाशीला दोन इंचांचे एक ओलित दिले. त्या दोन लाख लिटर पाण्यातून सुमारे साडेचार किलो नत्र वावरात परत आले, म्हणजे दहा किलो युरिया. एकदा पैसे मोजून टाकलेले खत विहिरीतून पुन्हा वर आले. तेवढा युरिया त्या वेळी कमी करता येतो, पीक तक्रार करणार नाही. पण किती पैसे वाचले? पोते २६६ रुपये ५० पैशांचे, तेव्हा दहा किलोचे झाले एकोणसाठ रुपये. एकोणसाठ रुपयांसाठी कोण पाण्याची तपासणी करून हिशेब मांडत बसेल? खत कमी टाकल्याची धास्तीच त्याहून मोठी. इथे येऊन विषय शेतीशास्त्राचा राहत नाही, राजकारणाचा होतो.

युरियाची किंमत कोण ठरवते?

युरियाची विक्री किंमत सरकार ठरवते आणि ती २०१२ पासून जवळपास जिथल्या तिथे आहे. १ एप्रिल २०१० ला अन्नद्रव्यावर आधारित अनुदानाचे धोरण आले, तेव्हा स्फुरद आणि पालाशची खते बाजारभावाच्या जवळ नेली आणि युरियाला त्यातून वगळले. परिणाम सगळ्यांच्या समोर आहे. डीएपीचे ५० किलोचे पोते १३५० रुपये, युरियाचे २६६. ज्याच्या खिशात पैसे कमी तो काय उचलेल? शेतकऱ्याला शास्त्र कळत नाही म्हणून तो नुसता युरिया टाकत नाही. त्याला किंमत कळते म्हणून तो युरिया टाकतो. दिल्लीत बसून ज्यांनी ही किंमत लिहिली त्यांनीच आपल्या विहिरीत नायट्रेट लिहिले. कागदावर त्याला शेतकऱ्याचे अनुदान म्हणायचे. पैसा मात्र कारखान्याच्या आणि आयातदाराच्या खात्यात जातो.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खोटे होईल. २०१५ मध्ये सगळ्या युरियाला निंबोळीचा लेप सक्तीचा केला. त्याने युरिया थोडा हळू विरघळतो आणि कारखान्यांकडे पळवायला थोडा अवघड जातो. २०१८ मध्ये पोते ५० चे ४५ किलो केले. विचार असा की शेतकरी पोत्यावर मोजतो, किलोवर नाही, तेव्हा नकळत कमी टाकेल. शेतकऱ्याला फसवून त्याचे भले करण्याची ही सरकारी युक्ती आम्हाला आवडली नाही. जून २०२३ मध्ये पीएम-प्रणाम योजना मंजूर झाली. राज्याने रासायनिक खताचा वापर कमी केला तर वाचलेल्या अनुदानातली निम्मी रक्कम केंद्र राज्याला देणार. चांगली गोष्ट आहे. पण खत कमी टाकायची जोखीम वावरात आणि बक्षीस आधी मंत्रालयात, ही वाट आपण ओळखतो. मुंबईहून निघालेला पैसा धुऱ्यापर्यंत पोचताना किती उरतो?

आणि हंगामात कृषी सेवा केंद्रावर काय चालते ते सांगायला नको. युरिया पाहिजे तर सोबत ही बाटली घ्या, ती सूक्ष्म अन्नद्रव्याची पुडी घ्या. लिंकिंगला कायद्याने मनाई आहे, तरी दरवर्षी आहेच. पेरणी तोंडावर असलेला माणूस वाद घालत नाही, मुकाट्याने घेतो. ज्याला नको असलेले खतही विकत घ्यावे लागते त्यालाच अतिरेकाबद्दल समज द्यायची, म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

नियम येतात कसे

आता परदेशात काय झाले ते पाहू, कारण तिथले आज आपल्याकडे उद्या येते. अमेरिकेने १९७२ मध्ये नद्यांच्या स्वच्छतेसाठी कडक कायदा केला. कारखान्याच्या आणि नगरपालिकेच्या नळीतून निघणाऱ्या घाणीला परवाना लागू झाला. शेतातून वाहणारे पाणी मात्र बाहेर ठेवले. १९७७ मध्ये ओलिताचे परतीचे पाणी आणि १९८७ मध्ये शेतातून वाहणारे पावसाचे पाणी, दोन्ही स्पष्ट शब्दांत वगळले. आयोवा राज्य मक्याचे, सोयाबीनचे आणि डुकरांचे. तिथे शेताखाली निचऱ्याच्या नळ्या घातलेल्या आहेत. त्या नळ्यांतून नायट्रेट रकून नदीत उतरते आणि डे मॉईन शहर त्या नदीचे पाणी पिते. नायट्रेट काढायला शहराला खास यंत्रणा उभारावी लागली. शेवटी मार्च २०१५ मध्ये शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने वरच्या तीन परगण्यांतल्या निचरा मंडळांवर खटला भरला. शहर विरुद्ध शेतकरी असे राज्यभर रान पेटले. जानेवारी २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निचरा मंडळांकडून नुकसानभरपाई मागता येत नाही, आणि मार्चमध्ये संघराज्याच्या न्यायालयाने खटलाच काढून टाकला. शेतकरी जिंकले. पुढे? जून २०२५ मध्ये नायट्रेट इतके वाढले की त्या शहराच्या भागात हिरवळीला पाणी घालायला बंदी करावी लागली. दहा वर्षे गेली, पाणी होते तिथेच. आणि आयोवातला खेड्यातला शेतकरी? तो आपल्या घरच्या विहिरीचेच पाणी पितो. शहराला यंत्रणा आहे, त्याला नाही.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम सविस्तर सांगितली. आपल्या चळवळीतही असा एक सूर निघतो की शेतीला प्रदूषणाच्या कायद्यातून कायमचे वगळा, म्हणजे झाले. वगळल्याने खटला टळतो, नायट्रेट टळत नाही. ते पाणी आधी आपलेच लेकरू पिते.

दुसरे टोक श्रीलंकेचे. एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या सरकारने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. जमीन आणि पाणी शुद्ध करायचे असे जाहीर केले. परकीय चलनाचा खडखडाट हे त्यामागचे न सांगितलेले कारण होते. भाताचे उत्पादन कोसळले, चहाला झळ लागली, बाहेरून तांदूळ आणायची पाळी आली. नोव्हेंबरमध्ये बंदी उठवली, तोवर शेतकऱ्याचा हंगाम गेला होता. हॉलंडमध्ये न्यायालयाने २०१९ मध्ये सरकारची नत्राची परवाना-पद्धत रद्द ठरवली आणि जून २०२२ मध्ये कोणत्या भागात नत्र किती टक्के घटवायचे याचा नकाशाच सरकारने प्रसिद्ध केला. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले आणि मार्च २०२३ च्या प्रांतिक निवडणुकांत शेतकऱ्यांचा नवा पक्ष पहिल्या क्रमांकावर आला. तिथला प्रश्न मुख्यतः गाईंच्या शेणातून उडणाऱ्या अमोनियाचा, आपल्याहून वेगळा. पण रीत ओळखीची आहे : चाळीस वर्षे गाई वाढवा म्हणून पाठ थोपटायची आणि एका सकाळी नकाशा काढून सांगायचे की निम्म्या काढा.

आपल्याकडे काय येऊ शकते? १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा आहेच. त्यातले २४ वे कलम सांगते की जाणूनबुजून कोणीही प्रदूषक पदार्थ प्रवाहात वा विहिरीत जाऊ देऊ नये. 'कोणीही' यात शेतकरीही येतो. आजवर त्या कलमाचा रोख कारखान्यांकडे आहे. २०२४ मध्ये संसदेने या कायद्यातल्या बऱ्याच गुन्ह्यांची कैद काढून त्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. ज्या राज्यांनी ठराव करून ही दुरुस्ती स्वीकारली तिथे ती चालते. कारखानदाराला तुरुंगाऐवजी दंड म्हणजे सवलत. शेतकऱ्याला १० हजार म्हणजे क्विंटलभराहून जास्त कापूस. आज कोणी शेतकऱ्यावर ही कलमे लावत नाही. पण जिल्ह्यांची यादी छापून आली आहे, आणि यादी आली की उपाययोजना मागितली जाते. प्रत्येक सातबाऱ्यावर युरियाच्या पोत्यांची मर्यादा, ही सर्वांत सोपी उपाययोजना साहेबांना सुचेल. यंत्रावर अंगठा आधीच घेतात, फक्त आकडा भरायचा बाकी आहे. मग मर्यादेबाहेरचे पोते काळ्या बाजारात मिळेल, आणि ज्याची जमीन नावावर नाही त्या ठोक्याने करणाऱ्याला मिळणारच नाही.

कीडनाशकांचा अनुभव ताजा आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा किती जणांनी पहिला दोष फवारणाऱ्याला दिला, आठवा. त्याने तोंडाला बांधले नाही, त्याने मिश्रण केले. औषध विकायची परवानगी कोणी दिली हे नंतर. मे २०२० मध्ये केंद्राने २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला आणि घासाघीस होता होता अखेर त्यातली मोजकीच बंद झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटबद्दल अधिसूचना आली की हे तणनाशक फक्त परवानाधारक कीडनियंत्रण चालकानेच मारायचे. तालुक्यात असा चालक शोधून दाखवा. शहरातल्या हॉटेलात झुरळे मारणारा माणूस पऱ्हाटीच्या तासात कधी येणार? विक्री चालूच राहिली, फक्त वापरणारा शेतकरी कागदावर गुन्हेगार ठरला. ज्या नियमाचे पालन करणेच शक्य नाही, तो नियम हप्ता घ्यायला उपयोगी पडतो, पाणी राखायला नाही.

आणि तुलना होऊन जाऊ द्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या आकड्यांप्रमाणे देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघत होते आणि प्रत्यक्ष शुद्ध होत होते २०,२३५. बाकीचे नदीत. नागपूरची नागनदी आपली घाण घेऊन पुढे वैनगंगेला आणि गोसीखुर्दच्या साठ्याला मिळते, हे त्या भागातल्या कोणालाही विचारा. शहराचे सांडपाणी नळीतून येते, ते मोजता येते आणि अडवता येते. शेतातले पाणी हजार धुऱ्यांवरून येते, ते कोणत्या वावरातले हे सांगता येत नाही. जे मोजता येते ते आधी अडवा, मग आमच्याकडे या, असे म्हणायचा हक्क आपल्याला आहे. मात्र हा हक्क तेव्हाच शोभेल जेव्हा आपण आपली विहीर तपासलेली असेल.

आपल्या हातात काय आहे

पहिली गोष्ट घरातली. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला नायट्रेटचा धोका सर्वांत जास्त. वरच्या दुधात असे पाणी घातले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते, अंग निळसर पडते. त्या वयात आईचे दूध, वरचे पाणी नाही, हा डॉक्टरांचा सल्ला इथे दुप्पट खरा आहे. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढते. तुरटीने जात नाही, ब्लीचिंग पावडरनेही जात नाही. आरओने जाते. पण गावच्या आरओ केंद्राचे पाणी घरी येते आणि वावरात निंदणाऱ्या बाया वावरातल्या विहिरीचेच पितात. तपासणी जिथे होते ती गावच्या नळाच्या स्रोताची, वावरातल्या विहिरीची कोणी करत नाही.

दुसरी, विहिरीचे तोंड. आपल्या कित्येक विहिरींना कठडा नाही, भोवतीच्या वावरातले पाणी सरळ आत पडते. नुसता कठडा बांधून भोवती उतार केला तरी पुष्कळ फरक पडतो. औषधाचे मिश्रण आपण विहिरीवरच करतो, कारण पाणी तिथे असते. पंपही तिथेच धुतो. ती बादली उचलून पन्नास-साठ पावले लांब न्या. विहीर पुनर्भरणाचे मात्र आता जपून घेतले पाहिजे. नाल्याचे, वावराचे पाणी गोटे-वाळूच्या खड्ड्यातून थेट विहिरीत सोडायला अनुदान मिळते. गोटे-वाळू गाळ अडवते, नायट्रेट अडवत नाही. पिण्याच्या विहिरीला छपराचे पाणी द्या. वावराचे पाणी वावरातच सरीत, चरात, बांधाआड मुरू द्या.

तिसरी, खत. पेरणीबरोबर नत्र थोडे, बाकीचे पीक उभे राहिल्यावर, ओल पाहून, दोन-तीन हप्त्यांत. फेकून न देता झाडाच्या बुडाशी देऊन डवरणीने झाकावे. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर दोन दिवस थांबावे. मजूर मिळत नाही, ओल निघून जाते, हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून सगळ्या वावरात जमेल असे म्हणत नाही. उघाड पडून पीक वाळले तर उरलेला हप्ता देऊच नका, तो विहिरीत जाईल.

आणि ज्वारी. सोयाबीनच्या नादात आपल्या भागातली खरिपाची ज्वारी जवळपास हद्दपार झाली. कारणे खरी आहेत : भाव नाही, डुकरे आहेत. पण ज्वारीच्या मुळांतून सोर्गोलिऑन नावाचा एक पदार्थ पाझरतो. तो मातीत अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना रोखतो, हे पाटणचेरूच्या इक्रिसॅटमधल्या आणि जपानी शास्त्रज्ञांच्या कामातून पुढे आले आहे. शिवाय तिची मुळे खोल जातात आणि खाली उतरलेले नत्र काही प्रमाणात वर ओढतात. ज्या सरकारला पाणी राखायचे आहे त्याने युरियावर पहारा बसवण्याआधी ज्वारी हमीभावाने खरेदी करून दाखवावी. रेशनवर दिली तर खाणारेही आहेत.

किंमतीबद्दल आमचे म्हणणे स्पष्ट आहे आणि ते काही शेतकऱ्यांना आवडणार नाही. युरिया असा कृत्रिम स्वस्त ठेवण्यात आपले हित नाही. अनुदानाचा पैसा एकराच्या हिशेबाने, कोरडवाहूला आणि बागायतीला सारखा, थेट शेतकऱ्याच्या खात्यात यावा. मग युरिया घ्यायचा, शेणखत घ्यायचे की तुरीचा इरवा वाढवायचा, ते शेतकरी ठरवेल. आज जो जास्त पोती उचलतो त्याला जास्त अनुदान, म्हणजे कोरडवाहूवाला मागे. पण क्रम महत्त्वाचा : पैसा आधी खात्यात, किंमत नंतर मोकळी. उलटा क्रम कोणी सुचवला तर आम्ही त्याच्या विरोधात रस्त्यावर असू. ठोक्याने आणि बटईने करणाऱ्याला यातले कसे मिळणार, हा प्रश्न राहतोच. त्यावर तालुक्यांनी बैठकीत बोलावे.

तपासणीचा निकाल कोणाच्या हातात असावा हाही राजकारणाचाच प्रश्न आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेने दर गावातल्या ठरावीक विहिरी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासाव्यात, आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत, आणि शेतकऱ्याने स्वतः आणलेल्या नमुन्याचा आकडा त्याच्याविरुद्ध कोणत्याही कारवाईत वापरणार नाही असे लेखी द्यावे. हे लेखी मिळाल्याशिवाय कोणी बाटली भरणार नाही, आणि भरू नये असेच आम्ही सांगू.

येत्या जिल्हा बैठकीपर्यंत एवढे व्हावे : जलजीवन मिशनमध्ये ग्रामपंचायतींना पाणी तपासणीच्या पेट्या दिल्या आहेत आणि बायांना त्याचे शिक्षणही दिले आहे. पेटी कुठे आहे आणि तिच्यातल्या द्रावणांची मुदत संपली का, ते सरपंचांना विचारा. प्रत्येक गावाने पाच विहिरी निवडाव्यात : एक गावठाणातली, एक उकिरड्याजवळची, दोन वावरातल्या आणि एक वरच्या अंगाची, जिथे खताचे पाणी उतरत नाही. नमुना त्याच दिवशी तपासावा, बाटलीत चार दिवस ठेवलेल्या पाण्याचा आकडा खरा येत नाही. आकड्यासोबत विहिरीची खोली, पाण्याची पातळी आणि शंभर पावलांच्या आत काय काय आहे, ते एका कागदावर लिहून तालुका प्रतिनिधीकडे द्यावे. विहीरमालकाचे नाव लिहू नये.